उंदरांनी खाल्लेली मखमल

ब्रॅमकोम गावात एकूण एकतीस चुली, आणि एकतीसही घरांचा वास पर्नेलला पाठ होता. डोळे बांधून हातात चादर दिली असती तरी तिने ती नाकाला लावून सांगितलं असतं, ही गिरणीवाल्याची, ह्याला झोपेत घाम फुटतो. ही लोहाराच्या घरची, म्हातारी अंथरुणात मुतते आणि सून कबूल करत नाही. चाळीस वर्षं तिने गावाचे कपडे धुतले. लोक पाद्रीबाबांच्या कानात जे सांगत नसत, ते त्यांच्या चादरी पर्नेलला सांगत. त्यामुळे तिला गावात मान असा नव्हता, पण रस्त्यात ती दिसली की चांगली चांगली माणसं नजर वळवत.

तिचं काम कुणी हेवा करावा असलं नव्हतं. लाकडाची राख चाळायची, तिच्यावर उकळतं पाणी ओतून खार काढायचा, पिंपात कपडे थरावर थर रचून वरून तो खार सोडायचा, दिवसभर मुरू द्यायचा, आणि दुसऱ्या सकाळी सगळं ओझं गिरणीच्या खालच्या अंगाला ओढ्यावर नेऊन धोपटण्याने बडवायचं. तिच्या बोटांची कातडी खाराने इतकी निबर झाली होती की चुलीतला निखारा ती हाताने सरकवायची.

देवळाचं कापड मात्र वेगळं. वेदीवरच्या ज्या रुमालावर प्रभूचं शरीर झालेली भाकर ठेवली जाई, तो आधी पाद्री गिल्बर्ट स्वतः तीन पाण्यांतून काढत, ते पाणी मातीत मुरवत, आणि मगच तो रुमाल पर्नेलच्या हातात येई. तो घेऊन ती खाली ओढ्यावर जात नसे. वर, टेकडीच्या कुशीत गावच्या संतिणीचा, उरिथमायचा झरा होता, तिथे जायची. आधी हात तीनदा धुवायची. मग रुमाल. गावाची घाण लागलेलं धोपटणं तिने त्या झऱ्याला एकदाही लागू दिलं नाही. त्या कापडाला वास नसे. जगात एकच कापड असं होतं ज्याला माणसाचा वास नव्हता, आणि ते धुताना पर्नेलचं नाक विसावा घ्यायचं.

आणि मखमल होती.

गावची मखमल म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आठ हात लांब, काळीभोर, कडेने जर, मधोमध मोठा सोनेरी क्रूस आणि चार कोपऱ्यांत चार लहान. कुणा लोकरीच्या व्यापाऱ्याच्या विधवेने पूर्वी कधीतरी ती देवळाला दिली होती, एका अटीवर. ह्या गावात जो कुणी मरेल, मग तो शंभर मेंढ्यांचा धनी असो की लोकांचे उकिरडे उपसणारा, त्याला घरापासून खड्ड्यापर्यंत ह्याच मखमलीखालून न्यायचं. खड्ड्याशी ती उचलायची, घडी घालायची, पेटीत ठेवायची. जन्मभर घोंगडीत झोपलेला माणूस शेवटचा अर्धा तास राजासारखा जायचा. ब्रॅमकोममधल्या गरिबाला मरणाची भीती होती तेवढीच होती. आपण मखमलीखालून जाऊ ह्याची खात्री मात्र प्रत्येकाला होती.

पर्नेलचा नवरा पॅस्को छपरं शाकारायचा. गवताचे भारे खांद्यावर घेऊन शिडी चढायची सवय, खांदे बैलासारखे, म्हणून तिरडीचा पुढचा डावा खांदा कायम त्याचा. तीस वर्षांत गावातलं एकही मढं त्याच्या खांद्याशिवाय गेलं नाही. प्रेतयात्रेनंतर जवाची दारू पोटात गेली की तो म्हणायचा, "त्या मखमलीखालून गेलेला एक बी गडी तक्रार कराया माघारी आला न्हाई. मंजे आतून बी झ्याकच असणार."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी उंदराने त्या मखमलीला एक भोक पाडलं होतं, तळहाताएवढं. देवळाच्या कारभाऱ्याने मखमल पर्नेलकडे दिली. काळं रेशीम शहरात मिळायचं, आणि शहर दोन दिवसांवर. तिकडे लोहाराचा बाप मरून दारात आडवा. पर्नेलने डोक्याचा पंचा सोडला. तिचे केस तेव्हा कमरेखाली पोचायचे, कावळ्याच्या पंखासारखे. एकेक केस उपटून तिने सुईत ओवला आणि ते भोक असं रफू केलं की कापडाला कळू नये आपण फाटलो होतो. फक्त पॅस्कोला सांगितलं. तो हसता हसता आडवा झाला.

"मंजे आता समदं गाव तुझ्या केसाखालनं सरगात जाणार व्हय गं!"

"गाव जाईल तवा जाईल. तू गप ऱ्हा. पाद्रीबाबांना कळलं तर समदं उसवून परत करायला लावतील."

मग राजाला बायको बदलायची होती.

रोमचा पोप काडीमोड देईना, म्हणून राजाने पोपलाच काडीमोड दिला, असं गिरणीवर लोक हसत हसत बोलले. हसू आठवडाभर पुरलं. त्यानंतरच्या रविवारी पाद्री गिल्बर्टनी जाहीर केलं की आजपासून देवळाचा धनी राजा; आणि दुपारी ते कांदे चिरायची सुरी घेऊन वेदीपाशी बसले. जाड ग्रंथातून जिथे जिथे पोपचं नाव होतं तिथून ते खरवडून काढत होते. पानं कातड्याची. भुसा उडत होता. ओल्या बोटाने तो झटकत ते पर्नेलला म्हणाले, "कापड जरा जपून झटक, डोळ्यात जातं."

ज्या माणसाने वीस वर्षं त्याच नावाची प्रार्थना त्याच तोंडाने म्हटली, तो सुरी फिरवताना जीभ बाहेर काढून बसला होता, पोरं चित्र काढताना बसतात तसा. वेदीचं कापड घेऊन पर्नेल झऱ्यावर गेली. पहिल्यांदाच त्या कापडाला वास आला. ओल्या कुत्र्यासारखा. तीन पाण्यांतही गेला नाही.

पुढे दरवर्षी काहीतरी निघत गेलं. आधी मूर्तींपुढचे दिवे गेले. मग मूर्ती. उरिथमायची मूर्ती ओकच्या लाकडाची, पुरुषभर उंच, शे-दीडशे वर्षं मेणबत्त्यांची ऊब खाऊन वाळलेली. हुकूम होता काढून टाका. कारभारी ॲम्ब्रोजने हुकूम पाळला. ॲम्ब्रोज म्हणजे गावात सगळ्यांत जास्त गुरं असलेला, देवळाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा गडी. मूर्ती करवतीने कापून त्याने गाडीतून घरी नेली, आणि त्या हिवाळ्यात तिच्या धुरावर डुकराच्या मांड्या टांगल्या. नाताळात अर्ध्या गावाने ते मांस खाल्लं. चव वेगळीच लागते म्हणाले, गोडसर. पर्नेलने ताट परत केलं तेव्हा ॲम्ब्रोजची बायको थॉमसिन म्हणाली, "तुझ्या नखऱ्यांना काही अंत आहे का गं? लाकूड ते लाकूड."

तो राजा मेला. पोरगा गादीवर आला, नऊ वर्षांचा, आणि पोराच्या नावाने थोरांनी राहिलेलं उरकून घेतलं. लॅटिन जाऊन इंग्रजी आलं. इतकी वर्षं पर्नेलला मिस्साच्या प्रार्थनेतलं एक अक्षर कळत नव्हतं आणि अंगावर काटा यायचा. आता सगळं कळायला लागलं आणि जांभई यायला लागली. जुनी प्रार्थना परत हवी म्हणून पश्चिमेकडचे लोक हातात विळे-कोयते घेऊन उठले, आणि भाड्याच्या सैनिकांनी त्यांना गव्हासारखं कापलं. ब्रॅमकोममधले दोघे गेले होते. परत कुणी आलं नाही, त्यांची मढीसुद्धा नाही. मखमल त्यांच्यासाठी उघडलीच नाही. त्यानंतर गाव तोंड मिटून राहायला शिकलं.

आणि मग बातमी आली की राजाची माणसं गावोगाव फिरून देवळांतलं सामान मोजून नेणार आहेत. चांदी, घंटा, जरीचे झगे, सगळं.

देवळात बैठक बसली. तिथे काय ठरलं ते सांगायला सोपं आहे: सामान घरोघर लपवायचं, वारा फिरेपर्यंत. राजे काय, येतात नि जातात. एखादा शहाणा राजा येईल, तेव्हा आपापल्या घरातून काढून परत वेदीवर मांडायचं. प्रत्येकाने क्रूसावर हात ठेवून तसं कबूल केलं. बायका रडल्या. पर्नेललाही त्या दिवशी आपल्या गावाचा अभिमान वाटला. नंतर आयुष्यभर तिला त्या अभिमानाची लाज वाटत राहिली.

वेदीवरचा चांदीचा चषक गिरणीवाल्याकडे गेला. जरीचा झगा पाद्रीबाबांकडे. पवित्र पाण्याचं दगडी भांडं ॲम्ब्रोजच्या गोठ्यामागे. मखमलीचं नाव निघालं तशी पर्नेल पुढे झाली.

"मी ठेवते. मला तिची सवय हाय."

"तू?" थॉमसिन म्हणाली. "तुझ्या घराला कुलूप तरी आहे का? आणि छपरातून उंदीर पडतात. माझ्याकडे सीडरच्या लाकडाची पेटी आहे, कीड लागत नाही. राहू दे माझ्याकडे."

सगळ्यांनी मान डोलावली. मखमल थॉमसिनच्या काखेत गेली.

महिन्याभराने दोन कारकून आले. देवळाच्या ओसरीत टेबल टाकून बसले, समोर जुनी यादी. एकेक नाव वाचायचे, आणि गावातला एकेक माणूस बायबलवर हात ठेवून सांगायचा: विकलं, चोरीला गेलं, वितळलं, मोडलं.

"काळी मखमल, जरीची, एक," कारकून म्हणाला. "ती कुठाय?"

"उंदरांनी खाल्ली, साहेब," ॲम्ब्रोज म्हणाला.

"आठ हात?"

"आमच्याकडचे उंदीर थोर आहेत, साहेब."

दुसरा कारकून खुसखुसला. पहिल्याला हसू आलं नाही. "देवळाचे कपडे कोण धुतं? तिला बोलवा."

पर्नेलने बायबलवर हात ठेवला. "व्हय साहेब. उंदरांनी खाल्ली. भोक पडलं तवा म्याच रफू केलं हुतं. पर पुढं काय ऱ्हायलं न्हाई."

कारकुनाने रेघ मारली. बाहेर आल्यावर ॲम्ब्रोजने तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, मावशे! अर्धं खरं बोलून पुरतं खोटं कसं बोलावं ते तुझ्याकडून शिकावं."

घरी जाऊन तिने हात तीनदा धुतले. खोटं बोलल्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. पाठीवरची ती थाप मात्र चिकटून राहिली.

वारा फिरला नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आणि पर्नेल गावाचे कपडे धूत होती, त्यामुळे काय होतंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं. गिरणीवाल्याच्या टेबलाच्या फडक्यावर गोल तांबडे डाग यायला लागले, तळाशी रुंद आणि मध्ये नक्षी. तो चषकातून सफरचंदाची दारू पीत होता. पाद्री गिल्बर्टनी नव्या कायद्याने बायको केली होती. तिची नवी चोळी धुवायला आली तेव्हा तिच्या पाठीवर जरीच्या कमळाचं अर्धं फूल होतं. देवळातल्या झग्यावर ते पुरं होतं. एकदा ॲम्ब्रोजच्या गोठ्यामागून जाताना तिने पाहिलं, दगडी भांड्यात उष्टं आंबोण होतं आणि डुकरीण त्यात पुढचे दोन्ही पाय घालून उभी होती. देवळात शिरताना ज्या पाण्याला गावातल्या प्रत्येकाने बोट लावलं होतं त्या भांड्यात.

राजाने चोरलं ते दिवसाढवळ्या, घोड्यावर बसून. त्याच्यावर तिचा राग होता, पण तो राग लांबचा होता. राजा तिने कधी पाहिलाच नव्हता. हे लोक तर तिच्या हाताखालचे, त्यांच्या लंगोटाचा वास तिला माहीत. राजापासून वाचवतो म्हणून घरी नेलं आणि आता त्यात जेवतात, त्यात पितात, ते पांघरून निजतात. आणि रविवारी एकमेकांकडे बघून मान लववतात, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचं ठाऊक. तिला गावातून चालताना थुंकावंसं वाटायचं. बहुतेक वेळा ती थुंकायचीही.

त्या सालच्या वसंतात पॅस्को शिडीवरून पडला. कंबर गेली, पाय सुजले, सूज वर चढत पोटापर्यंत आली. मरण त्याला दिसत होतं.

"पर्नेल," तो म्हणाला, "माझ्या अंगावर ती घालशील न्हवं?"

"कंची ती?"

"येड पांघरू नगंस. तीस वरसं म्या लोकांना खाली बसवून आलो. मला बी एकडाव आतनं बघायची हाय."

"घालीन."

"नक्की?"

"घालीन म्हनलं ना, मुडद्या! अजून मेला न्हाईस तर कशापायी घाई करतोस?"

तो हसला, आणि हसताना त्याला दम लागला.

पर्नेल त्याच दिवशी थॉमसिनकडे गेली. थॉमसिन अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. पर्नेलने आवाज खाली घेऊन सांगितलं. फक्त अर्धा तास. खड्ड्याशी परत. आपल्या हातांनी घडी घालून देईन.

थॉमसिनने दाणे टाकणं थांबवलं नाही.

"कसली मखमल?"

"मालकीणबाई, कोंबड्यांबिगर हितं कुनी न्हाई."

"मखमल उंदरांनी खाल्ली. तू स्वतः बायबलवर हात ठेवून सांगितलंस. आता काय आठवतंय तुला? उद्या ते कारकून परत आले आणि कुणी सांगितलं, ब्रॅमकोममध्ये एक मखमल निघाली म्हणून, तर फासावर कोण जाईल? माझा नवरा. पॅस्कोला चांगल्या चादरीत गुंडाळ. मी देते हवं तर एक जुनी."

"तुमची चादर नको," पर्नेल म्हणाली. "तुमच्या चादरी मला ठाऊक हायत."

थॉमसिनचा चेहरा लाल झाला, पण पुढच्या आठवड्यात घरातलं सालाचं मोठं धुणं होतं आणि दुसरी परटीण गावात नव्हती. तिने बोलावणं धाडलंच.

पर्नेल गेली. हातावरचं पोट होतं, पॅस्कोच्या तोंडी घालायला वाटाण्याचं कढण लागत होतं. टोपली घेऊन ती माडीवर निजायच्या खोलीत कपडे काढायला गेली. खोलीत दार लावून साठलेला वास: चरबीच्या मेणबत्त्या, पिसांची गादी, ॲम्ब्रोजचे पाय. पलंगावर काळं पांघरूण होतं, जरीच्या कडेचं. खरं म्हणजे तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी तिने बाहीने नाक दाबलं.

क्रूस उसवून काढले होते. सोन्याचा धागा कुठे गेला ते विचारायची गरज नव्हती. थॉमसिनच्या सणाच्या टोपीची कड अलीकडे चमकत होती. पण जिथे क्रूस होते तिथली मखमल ऊन न लागल्याने जास्त काळी राहिली होती, त्यामुळे क्रूस गेले तरी दिसत होते. मधोमध एक मोठा. त्याच्यावर कुणीतरी मांस खाऊन हात पुसले होते. उशाकडे लाळेचा पांढरा पट्टा. पायथ्याशी लहान पोराच्या मुताचं पिवळं वर्तुळ, आणि त्याच्यावर वाळलेलं आणखी काहीतरी, ज्याला नाव द्यायची पर्नेलला गरज नव्हती. चाळीस वर्षं ती तेच धूत आली होती.

तिने कड उलटली आणि बोटांनी शोधत गेली. सापडलं. तळहाताएवढं रफू. केस अजून काळेभोर होते. तिच्या डोक्यावर आता एकही तसा उरला नव्हता.

चादरी टोपलीत भरल्या, मधोमध मखमल कोंबली, वर पुन्हा चादरी. अंगणातून जाताना थॉमसिनने हाक मारली.

"अगं, वरचं काळं पांघरूण नाही ना घेतलंस?"

"घेतलं. लई घाण झालंय. पोरानं मुतलंय त्याच्यावर."

"ते खारात नको घालूस! वाट लागेल त्याची, मखमल आहे ती!"

पर्नेलने टोपली खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"कसली मखमल, मालकीणबाई?"

कोंबड्या दाणे टिपत होत्या. गोठ्यातून थॉमसिनचा गडी बाहेर येत होता. त्याच्याकडे तिची नजर गेली आणि परत आली.

"जुनं कापड आहे," ती हळू म्हणाली. "असंच. जुनं."

"मग धुते," पर्नेल म्हणाली आणि टोपली उचलली.

तिने ते धुतलं नाही. मखमल धुवायची नसते हे थॉमसिनच्या आधी तिला ठाऊक होतं. ओल्या फडक्याने डाग टिपले, मागच्या काटेरी कुंपणावर उन्हात पसरली, वाऱ्यावर ठेवली, जंगली पुदिन्याचा पाला चोळला. तीन दिवस. डाग फिकट झाले. वास काही गेला नाही. ऊन लागलं की ॲम्ब्रोजच्या खोलीचा वास वाफेसारखा वर यायचा. रोज दुपारी थॉमसिनची मोलकरीण विचारायला यायची, आणि पर्नेल सांगायची, "वाळतंय."

चौथ्या दिवशी पॅस्कोने विचारलं तेव्हा तिने ती आत आणून त्याच्या छातीवर पसरली. त्याने सुजलेल्या हाताने ती कुरवाळली. त्याचं नाक बरेच दिवस चालत नव्हतं, हे बरं होतं.

"हीच की गं." मग बोटं मधे येऊन थांबली. "क्रूस कुठं गेला?"

"धुताना निघाला."

"तुझ्या हातनं?" त्याचा विश्वास बसला नाही. पण माणूस दमला होता. बोटं कडेला सरकत गेली, रफूवर थांबली, आणि तो गालात हसला. "केस हायत की अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

प्रेताला सगळं गाव आलं. ज्याने सगळ्यांना नेलं त्याला न्यायला सगळे येणारच. घरातून तिरडी बाहेर निघाली आणि लोकांनी पाहिलं. गिरणीवाल्याने टोपी काढली आणि मग ती हातात मुरगळत राहिला. पाद्री गिल्बर्ट पुस्तकात बघायला लागले, जणू मरणाची प्रार्थना आज पहिल्यांदाच वाचायची आहे. त्यांची बायको पाठ लपवत भिंतीकडे सरली.

थॉमसिन गर्दीतून पुढे आली. "ते माझं..." आणि ॲम्ब्रोजने तिच्या पायावर बूट ठेवला. नुसता टेकवला नाही. सगळं वजन टाकलं. ती गप्प झाली. डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी ते पॅस्कोसाठी समजलं असेल.

वाटेत ऊन होतं. मखमल तापली. पर्नेल तिरडीला लागून चालली होती, आणि तिच्या नवऱ्याच्या अंगावरून चरबीचा, पायांचा, दुसऱ्याच्या पलंगाचा वास येत होता. तीस वर्षं त्या माणसाने गावाला खांदा दिला, आणि गावाने त्याच्या अंगावर आपलं अंथरूण टाकलं होतं. मखमल तिला मिळाली होती. जी हवी होती ती नव्हती. ती केव्हाच संपली होती. उंदरांनीच खाल्ली होती, बायबलवर ती खोटं बोललीच नव्हती.

खड्ड्याशी गिल्बर्टनी इंग्रजीत चार ओळी वाचल्या. पूर्वी ह्याला तास लागायचा. तिरडी खाली ठेवली, दोऱ्या लावल्या. सवयीने दोघे मखमल उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या," पर्नेल म्हणाली.

ते थांबले.

"पर्नेल," गिल्बर्ट दबक्या आवाजात म्हणाले, "ते काढून घ्यायला हवं."

"काय काढून घ्यायला हवं, पाद्रीबाबा?"

"ते... अंगावरचं."

"अंगावर काय हाय? मला तर काय दिसंना." तिने मान वळवून ॲम्ब्रोजकडे पाहिलं. "कारभारी, तुम्हाला दिसतंय काय? तुमी बायबलवर शपथ घेतलीया. मी बी घेतलीया. बोला की. काय दिसतंय?"

ॲम्ब्रोजने तिरडीवरून नजर काढली. "काही नाही," तो म्हणाला.

"मग सोडा खाली."

दोऱ्या सोडल्या. पॅस्को मखमलीसकट खाली गेला. तळाला गेल्यावर एक कोपरा वर राहिला होता, जिथला लहान क्रूस उसवला होता तो.

"पहिली मूठ कारभाऱ्याची," पर्नेल म्हणाली. "रीत हाय."

ॲम्ब्रोज वाकला. त्याने माती उचलली आणि टाकली, आणि ती मखमलीवर पडल्याचा आवाज मऊ आला. थॉमसिन आता उघड रडत होती. पर्नेलला वाटलं होतं ह्या क्षणी आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. फक्त नाक थोडं मोकळं झालं.

लोक पांगले, नेहमीपेक्षा घाईने. दारू प्यायला कुणी थांबलं नाही. उरला तो हॉब. गावचे खड्डे तो खणायचा, आणि उरलेल्या दिवसांत लोकांचे उकिरडे उपसायचा. घर नाही, बायको नाही, अंगावर एक सदरा, तो पर्नेल फुकट धुवायची. हॉबने फावडं हातात घेतलं होतं, पण माती ओढत नव्हता. खड्ड्यात बघत होता.

"मावशे," तो म्हणाला, "अजून वर काढता येती. कोन बघतंय? झटकून देतो."

"नको."

"चांगलं कापड हाय."

"घाण कापड हाय, हॉब. तुला ठाव न्हाई."

"घाण व्हय?" हॉब खड्ड्याकडेच बघत होता. त्याने कधी पलंग पाहिला नव्हता. त्याला कुठला वास येणार. "आमी घाण उपसूनच पोट भरतो, मावशे. मला चाललं असतं की." मग थोडं थांबून तो म्हणाला, "म्या मेलो मंजे मग कशाखालनं?"

ह्या माणसाचा पर्नेलने इतक्या दिवसांत विचारच केला नव्हता. ॲम्ब्रोजचा केला, थॉमसिनचा केला, कारकुनांचा केला. अट त्या विधवेने कुणासाठी घातली होती? हॉबसाठी. आपण नाक धरून ती खाली सोडली, आणि थॉमसिनने जे एका पलंगासाठी केलं तेच एका खड्ड्यासाठी केलं.

"तू असाच जाशील," ती शेवटी म्हणाली. "उघडा. म्या बी."

हॉबने मान हलवली. सवय होती त्याला. त्याने फावडं मातीत घातलं आणि टाकायला सुरुवात केली, कोपरा झाकला जाईपर्यंत हळू, नंतर भराभर. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

पर्नेल वर झऱ्यावर गेली. वेदीचे रुमाल आता धुवायला येत नव्हते. वेदीच उरली नव्हती. झऱ्याच्या तोंडाशी ॲम्ब्रोजची गुरं पाणी पिऊन गेली होती, चिखलात खुरांचे ठसे आणि शेण. तिने शेण बाजूला सारलं, पाणी निवळेपर्यंत बसून राहिली, आणि हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. मग ते नाकाशी नेले, आणि पुन्हा पाण्यात घातले.